पाठमोरी मानिनी

आमच्या घरात छापील कागद प्रथम आला तो वाचण्यासाठी नव्हे. पेणच्या बाजारातून आई हळद, चहा, गूळ आणायची आणि त्यांच्या पुड्या बहुधा एका बालमासिकाच्या रद्दीच्या असत. पुडी रिकामी झाली की आई तो कागद चुलीच्या उबेवर धरून त्याची ओल काढी, हाताने सपाट करी आणि तांदळाच्या डब्याच्या तळाशी घाली. एकदा बाबांनी हळदीने पिवळा झालेला असा एक कागद दाराच्या उजेडाकडे धरला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही. चित्रात कमरेला रुमाल गुंडाळलेला, उघड्या अंगाचा एक माणूस डोक्यावर टोपली घेऊन उभा होता. टोपलीत काहीतरी पांढरे शिगोशीग भरले होते. बाबा म्हणाले, "शेवंते, यो मिठावाला हाय. आपला मानूस हाय यो. वाच बगू, काय बोलतंय."

मी नुकतीच अक्षरे जोडून वाचायला शिकले होते. त्या माणसाच्या तोंडातून निघालेल्या फुग्यात लिहिले होते, "गेला रं गेला, माजा मीठ गेला." मी ते वाचून दाखवले, आणि बाबा इतके हसले की आईला चुलीवरून उठून पाहावेसे वाटले. पुढे कित्येक वर्षे आमच्या घरात दर महिन्याला हे वाचन होत राहिले. बाबा पेणच्या एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडून ताजा अंक आणू लागले. दिवाळीनंतर मिठागराचे काम सुरू झाले की संध्याकाळी ते पाय धुऊन ओटीवर बसत. मिठाने त्यांच्या टाचांना भेगा पडलेल्या असत आणि त्या भेगांत आई गरम मेण सोडी. बांधाच्या उघाडीतून भरतीचे पाणी आत शिरल्याचा खळाळ ऐकू येई, लांब धरमतरकडे माल नेणाऱ्या गाबाऱ्याच्या, म्हणजे मोठ्या होडीच्या, यंत्राची धडधड येई, चुलीवर तांदळाची भाकरी फुगत असे, आणि मी कंदिलाशेजारी बसून मोठ्याने वाचत असे.

त्या चित्रमालिकेचे नाव 'बंबवाले बापू'. चिंचगाव नावाच्या एका काल्पनिक गावात बापू हे आग विझवणाऱ्या बंबाचे मुख्य. दर महिन्याला कुठेतरी आग लागते, घंटा वाजते, बंब निघतो, वाट चुकतो आणि शेवटी त्याची पाण्याची नळी भलतीकडेच सुटते. ते पाणी नेमके जाते रस्त्याने निघालेल्या मिठारामाच्या टोपलीवर. मीठ विरघळते, मिठाराम ओरडतो, मालिका संपते. मी वाचू लागले तेव्हाच ही मालिका जुनी होती. माझ्या वर्गातल्या मुलींच्या थोरल्या भावांनीही ती वाचलेली होती. अवेळी पडलेल्या पावसाने तयार मिठाची रास वाहून जाणे म्हणजे काय, हे आमच्या वस्तीत कुणाला सांगावे लागत नसे. आई एकदा म्हणालीच, "आपला मीठ गेला तवा नाय हसलाव."

"तो आपला व्हता," बाबा म्हणाले. "यो कागदावचा हाय."

मी मात्र त्या कागदावरच्या माणसाला भीत असे. प्राथमिक शाळा संपवून मी पेणच्या हायस्कूलमध्ये जाऊ लागले आणि पहिल्याच आठवड्यात एका मुलीने माझे गाव विचारले. खाडीकाठचे नाव ऐकताच मागच्या बाकावरून आवाज आला, "गेला रं गेला, माजा मीठ गेला." सगळा वर्ग हसला. आवाज काढणाऱ्या मुलीने आमच्या बोलीचा हेल अगदी बरोबर उचलला होता, कारण मिठारामाला हजारो घरांतून हीच बोली बोलावी लागत होती. त्यानंतर मी पुस्तकी मराठी बोलू लागले, आधी शाळेत आणि मग घरीही. तांब्यात निखारे घालून गणवेशाच्या चुण्या धारदार करू लागले. खाजणाच्या बांधावरून येताना चपला हातात घेत असे आणि स्टँडजवळच्या नळावर पाय धुऊन मगच त्या घालत असे, म्हणजे चिखलाचा ठिपकासुद्धा वर्गात जाऊ नये. आई म्हणे, "कवरी घासतंस गो, कातडी निगंल."

पुढे रोह्याच्या शाळेत मी आयुष्यभर भाषा शिकवली. निवृत्त झाले तरी समजावून सांगण्याची सवय सुटलेली नाही, म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या चित्रमालिकेविषयी दोन गोष्टी इथे सांगते. अशा मालिकेत कुणी मोठे होत नाही आणि कुणी शहाणे होत नाही. प्रत्येक पात्राला एकच खुंटी असते आणि दर महिन्याची गोष्ट त्याच खुंटीला टांगलेली असते. बापू वाट चुकणार, मिठाराम ओरडणार. वाचकाला हवी असते ती ओळख. पण ओळखीचाही एक दिवस कंटाळा येतो. त्या वेळी कसलेला चित्रकार जुन्या पात्राला हात लावत नाही. तो त्याच्या शेजारी एक नवे पात्र आणून उभे करतो. नवे माणूस आले की जुन्यावर पडणारा उजेड बदलतो. मुलांना मी हे फळ्यावर दोन आकृत्या काढून समजावीत असे. मात्र हे मी कुठे शिकले, ते वर्गात कधी सांगितले नाही.

मी नववीत असताना आमचे चित्रकलेचे साठे सर वर्गात येऊन म्हणाले, "मिठागरातलं कोण आहे इथं?" कुणाला बोट दाखवावे लागले नाही, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. 'बंबवाले बापू'चे चित्रकार पाटणकर हे सरांचे स्नेही निघाले. ते रोह्याला राहत. मालिकेत तोचतोपणा आला, अशी वाचकांची तक्रार होती आणि मासिकाला मिठारामाच्या घरातले कुणीतरी नवे पात्र हवे होते. सर म्हणाले, "त्यांनी मिठागर कधी पाहिलेलं नाही. रविवारी तू त्यांना घेऊन जा." इतकी वर्षे मिठाराम काढणाऱ्या माणसाने मिठागर पाहिलेले नव्हते, याचे मला तेव्हा नवल वाटले. आज वाटत नाही. न पाहिलेल्या माणसाला एकाच खुंटीवर टांगणे सोपे असते.

घरी सांगितले तेव्हा बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. "मना घेतील काय गो पुस्तकात?"

"ते पाहायला येत आहेत, बाबा. घ्यायला नव्हे."

"पन बगितला म्हंजे घेतील ना."

आई म्हणाली, "थोबाड बगितलाव काय आरशात?"

"त्या मिठारामाचा काय लय बेस हाय?" बाबा म्हणाले, आणि तो आठवडाभर त्यांनी दुसरा विषय काढला नाही. पाहुण्याला निवट्या चालतील की नाही यावर दोघांची मोठी चर्चा झाली. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी बोटभर मासळी. आई ती कैरी घालून अशी करी की आजही ती आठवण आली की माझे जेवण अपुरे वाटते. बाबांनी ठरवले की चालतील. "नाय चाललं तर आपन खाव," ते म्हणाले.

पाटणकर रविवारी सकाळी एसटीने आले. पांढरा सदरा, काखेत कागदांची फळी, मृदू बोलणे. बांधावरून, रविवार असूनही गणवेश घातलेली मी पुढे आणि ते मागे असे चाललो होतो. ते खाजणाची, खाऱ्या वाऱ्याची, उघाडीच्या फळ्यांची चौकशी करीत होते आणि मी पाठ्यपुस्तकातल्यासारखी उत्तरे देत होते. मिठागर दिसू लागले. उन्हात खाऱ्या पाण्याच्या चौकोनी कुंड्या चकाकत होत्या, माणसे लाकडी फावड्यांनी मीठ ओढत होती. पाटणकरांनी विचारले, "यांतले तुझे वडील कोणते?"

बाबा समोरच होते. त्यांना ओळखणे तर फारच सोपे होते, कारण त्या दिवशी त्यांनी डोक्याचे फडके कुठल्याही मिठागऱ्याने कधी बांधले नसेल असे बांधले होते: दोन टोके सशाच्या कानांसारखी वर. चित्रातल्या मिठारामाचे फडके तसेच असे. मी म्हणाले, "येतील एवढ्यात."

ते आलेच. डोक्यावर शिगोशीग भरलेली टोपली घेऊन ते बांधावरून धावत आले आणि पाहुण्यासमोर पाय रोवून उभे राहिले. मग त्यांनी बांधावर ठेवलेली कळशी उचलली. त्या कळशीत सगळ्यांचे पिण्याचे पाणी होते, गावातून डोक्यावर वाहून आणलेले. ती त्यांनी एका हाताने वर नेली आणि आपल्याच टोपलीवर उपडी केली. मीठ खचले, पाझरले, त्यांच्या कपाळावरून डोळ्यांत आणि डोळ्यांतून छातीवर ओघळले. "गेला रं गेला," ते ओरडले, "माजा मीठ गेला." ओरडण्याची ढबसुद्धा मिठारामाची होती, त्यांची स्वतःची नव्हे, माझ्याच वाचनातून ती त्यांच्या तोंडी बसली होती.

कुंड्यांतली माणसे खो खो हसली. कुणीतरी म्हणाले, "नारायना, याड लागला काय रं? पानी कुठला पियाचा आता?" बाबांचे डोळे लाल झाले होते, तरी ते मिटत नव्हते. पाहुणा हसतो का, ते त्यांना पाहायचे होते. पाटणकर हसले नाहीत. त्यांनी फळीवर कागद लावला.

आणि मी वळले. धावले नाही, रडले नाही. केवळ पाठ फिरवली आणि चपला हातात घेऊन खाडीकडे पाहत उभी राहिले. मागे पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज येत होता. तो बाबांसाठीच आहे, असे मी धरून चालले. आता वाटते, पेन्सिल कुणाकडे पाहून चालली आहे हे वळून पाहिले असते तर पुढचे सगळे टळले असते. पण वळून पाहिले असते तर ते चित्रच झाले नसते.

पाटणकरांनी निवट्या मागून मागून खाल्ल्या. निघताना बाबांनी धीर करून विचारले, "सायेब, माजा जमंल काय?"

"तुमचं तर जमलेलंच आहे, नारायणराव," ते म्हणाले. बाबांना आयुष्यात कुणी राव म्हटले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी भांडी गोळा करीत होते.

संध्याकाळी आई त्यांच्या डोळ्यांवर थंड पाण्याचे फडके धरून बसली होती. "मीठ गेला, पानी गेला, वर शेटची बोलनी खाल्लाव. कनाला?"

"पोरीच्या शालंत बोलतील," बाबा फडक्याखालून म्हणाले, "हिचा बापूस पुस्तकात हाय."

मी आत होते. हे ऐकल्यावर बाहेर जाऊन बसावे असे मला वाटले. मी गेले नाही.

नवा अंक आणायला बाबा स्वतः पेणला गेले आणि परत येईपर्यंत त्यांनी तो उघडला नाही. वाचायचा तर माझ्याकडूनच, हा नेम होता. बंब निघाला, वाट चुकला, नळी सुटली, मीठ गेले. आणि मग पहिल्यांदाच मालिका तिथे संपली नाही. खाली आणखी एक चौकट होती. मिठाराम ओला उभा आहे, आणि त्याच्यापुढे एक मुलगी पाठमोरी उभी आहे. दोन घट्ट वेण्या, सुरीसारख्या चुण्यांचा गणवेश, हातात चपला. चेहरा दिसत नव्हता. वर नव्या पात्राची ओळख होती: मिठारामाची कन्या, कुमारी मानिनी. तिच्या फुग्यात लिहिले होते, "हे गृहस्थ कोण, मला ठाऊक नाही."

हे वाक्य मी कधी उच्चारले नव्हते. ते पाटणकरांनी रचले होते. पण मी उच्चारले असते तर अगदी असेच, इतक्याच शुद्ध मराठीत उच्चारले असते, हे मला वाचतानाच कळले. माझा आवाज खाली गेला. बाबा म्हणाले, "मोठ्यानी बोल. काय बोलली ती?" मी पुन्हा वाचले. आईने अंकात डोकावले, मग माझ्या वेण्यांकडे पाहिले आणि चुलीशी गेली. बाबांनी ते चित्र बराच वेळ न्याहाळले. "बेस झाला," ते शेवटी म्हणाले. "मिठारामाला पोर झाली. आता त्याला घर झाला."

मानिनी अतिशय गाजली. शाळेत मला चिडवण्याचे जुने वाक्य मागे पडले आणि नवे आले. मी वर्गात शिरले की कुणीतरी पाठ फिरवून उभी राही आणि ते वाक्य म्हणे. आधीचे हसणे मी जिथे जन्मले त्याला होते. त्याविषयी मी मनातल्या मनात रागावू शकत होते. आताच्या हसण्यावर रागवायला मला जागाच उरली नव्हती. त्या मुली माझी नक्कल करीत होत्या आणि नक्कल बिनचूक होती.

शिक्षिका म्हणून मला त्या चौकटीचे कौतुकही करावे लागते. मानिनी येईपर्यंत मिठाराम हा नुसता भिजणारा माणूस होता. ती पाठ फिरवून उभी राहिली आणि तो बाप झाला. काही महिन्यांनी पाटणकर त्याचे तोंड निराळे काढू लागले. ओरडून झाल्यावर तो आता सांडलेल्या मिठाकडे पाहत नसे, तिच्या पाठीकडे पाहत असे. ज्या माणसाला वाचक वर्षानुवर्षे हसले, त्याच्यासाठी ते हळहळू लागले. एका पात्राची लाज घेऊन दुसऱ्याला मान दिला गेला. कलेच्या दृष्टीने हा सौदा उत्तम होता. मात्र मालिकेचा नियम मानिनीलाही लागू होता: ती मोठी होणार नव्हती, शहाणी होणार नव्हती. मी एकदा पाठ फिरवली होती. तिला ती दर महिन्याला फिरवावी लागत होती.

बाबांना हा नियम माहीत नव्हता. ते बंबाच्या फजितीवर पूर्वीसारखे हसेनासे झाले. अंक हाती आला की आधी शेवटची चौकट उघडत आणि मला विचारत, "या बारीला बोलली काय गो बापसाशी?"

"नाही, बाबा."

"बोलंल," ते म्हणत. "पोर हाय, बोलंल." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मी त्यांना सांगू शकले असते की ती कधीच बोलणार नाही, असे पात्र बोलले तर संपते. आज हे मी इतक्या सहजपणे लिहिते. तेव्हा एवढे वाक्य ओटीवर बसून माझ्या तोंडून निघत नसे. "नाही, बाबा" एवढेच निघे, आणि तेही पुस्तकी.

मॅट्रिक झाल्यावर मी रोह्याला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमासाठी जायचे ठरले. राहण्याची सोय तिथेच होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आईने वाटेसाठी सुका जवळा भाजून चटणी केली होती. घरभर तिचा वास भरला होता. बाबा पेणहून अंक घेऊन आले, पाय धुतले, बसले. उद्यापासून वाचणार कोण, हे कुणी काढले नाही. मी सुरुवातीपासून वाचू लागले तर त्यांनी हात केला आणि शेवटची चौकट उघडून पुढे धरली.

"बोलली काय गो?"

चौकट नेहमीचीच होती. वेण्या, चुण्या, चपला, आणि तेच वाक्य. मी त्या वाक्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "बोलली."

बाबा सरसावून बसले. चुलीशी आईचा हात थांबला. "काय बोलली?"

मला काहीतरी रचावे लागले. मी म्हणाले, "ती म्हणते... बाबा, लय भिजलाव. ती टोपली माज्या डोक्याव द्या." आमच्या घरातले ते शब्द माझ्या तोंडून अडखळत, परक्यासारखे बाहेर पडले.

बाबांनी माझ्या हातातून अंक घेतला आणि कंदिलाजवळ नेला. त्यांना वाचता येत नव्हते. अंगठा मात्र त्यांनी फुग्यातल्या अक्षरांवरून सावकाश फिरवला. "अक्षरा तर मागच्यावानीच दिसतान," ते म्हणाले. मग त्या मुलीच्या पाठीकडे पाहिले. "आनि तोंडबी तिकरंच हाय."

अंक मिटून त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला.

"पाटनकरचा त्यात काय चुकला नाय," बाबा म्हणाले. "तो आयला तवा तू पाठमोरी व्हतीस. तुजा तोंड त्यानी बगितलाच नाय. काढील कसा?"